शुद्ध दुधाचा उजेड

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नगरच्या कॉलेजात मी एम.फिल. करत होते. विषय, दुधातलं हायड्रोजन पेरॉक्साइड शोधणं. दूध नासू नये म्हणून काही जण ते मिसळत. ल्युमिनॉल नावाचं रसायन आणि एक एन्झाइम यांच्यात ते पडलं की निळा उजेड होतो. एन्झाइम पुण्याहून एसटीने बर्फात मागवलं. एप्रिलच्या उन्हात ते पोचेपर्यंत बर्फाचं पाणी आणि एन्झाइमचं मातेरं झालं होतं.

"धातूचे आयन वापर," आमचे सर म्हणाले. "कोबाल्ट तेच काम करतो. त्याला बर्फ लागत नाही, लाडही लागत नाहीत."

खरंच केलं त्याने. खिडकीला काळं कापड लावलेल्या स्टोअररूममध्ये नळी निळी उजळली, तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

सरांनी लगेच प्राचार्यांना प्रयोग बघायला बोलावलं. तुलनेसाठी खात्रीचं दूध हवं होतं. "मामा, तुमच्या म्हशीचं आणा," सर प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांना सगळ्यांसमोर म्हणाले. मामा सुप्याजवळच्या खेड्यातून येत. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दूध फाडून निवळी काढली, अंधार केला. मी मुद्दाम भेसळ केलेली नळी उजळली. मामांची त्याहून जास्त उजळली.

"छान," प्राचार्य म्हणाले. "शुद्ध दुधालाही भेसळीचं म्हणते ही चाचणी!"

सर चिडले. "धातूला शेवटी अक्कल नसते."

तीन दिवस मी नळ्या घासत होते. पिशवीचं दूध आणून पाहिलं, उजेड नाही. मग मामा हळूच जवळ आले.

"मॅडम, त्ये औषध आमच्या दुधात हुतं. डेअरीचा टेम्पो उशिरा येतो, ऊन लई. घरची टोपणभर टाकती."

"मग आणलंत कशाला?"

"सर समद्यांम्होरं म्हनले. न्हाई कसं म्हनू? आन् तुमचं यंत्र चालंल असं कुठं वाटलं हुतं!"

खरं सांगितलं असतं तर मामांचं दूध डेअरीने बंद केलं असतं. मी गप्प बसले आणि माझ्या हातून घडलेल्या एकमेव अचूक प्रयोगावर 'कोबाल्ट आयनांच्या मर्यादा' असं प्रकरण लिहिलं. लिहिताना रडू येत होतं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "अपयश इतक्या प्रामाणिकपणे मांडणारे विद्यार्थी हल्ली दिसत नाहीत."

मी आभार मानले. पदवी मिळाली. सर अजून भेटले की कोबाल्टला नावं ठेवतात, आणि मी हो म्हणते.