मधुकरने काढून टाकलेला बातमीदार

बातमीत ‘मी’ चालत नाही. बातमीदारीच्या सगळ्या वर्षांत तो शब्द मी वापरला नाही, आणि ही गोष्टही कुणाला सांगितली नाही — बायकोलासुद्धा नाही. आता निवृत्त आहे. जळोचीत घर आहे, मागे पेरूची झाडं आहेत, झोप चांगली लागते. मग इतकी वर्षं काय अडलं होतं?

नव्वदच्या दशकात मी पुण्याच्या एका दैनिकाला बारामती-इंदापूरच्या बातम्या देत असे. आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात. नदीकाठी पिंड ठेवलेला, कावळा शिवायची वाट बघणं चालू, आणि माइकवर पुढाऱ्यांची श्रद्धांजली. बोलणाऱ्याचं नाव बातमीत सुटलं तर तो माणूस सकाळी दारात. म्हणून नावं मी जपून घेत असे. एकदा झाडून सगळी नावं छापून आली — मयताचंच राहिलं. तालुका हसला. पुढे विसरला, असं मी धरून चाललो.

मधुकर विसरला नव्हता. तो नरसिंहपूरच्या बाजूचा, वांगी-भेंडी पिकवणारा, आणि नाटकं लिहिणारा. त्याच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग इंदापुरात झाला. रंगमंचावर दहावा: भाषणं संपत नाहीत, माइकच्या आवाजाने कावळे बुजलेले, घरचे उन्हात उपाशी. लोक हसून बेजार झाले. मीही. शेवटी बातमीदार वही मिटून निघतो, तेव्हा मयताची बायको त्याला हाक मारते — “भाऊ, समद्यांची नावं घेतली तुमी. आमच्या मालकांचं घेतलं का?”

सभागृह दणाणलं. माणसं वळून माझ्याकडे बघू लागली. मागून कुणीतरी ओरडलं, “पत्रकार, लिव्हून घ्या की!” मग हशा ओसरला. ती बाई तशीच उभी — उत्तराची वाट बघत. कुणी हललं नाही. पडदा पडला.

आणि मी काय लिहिलं? “शेवटी प्रेक्षागृह थंड पडते. बातमीदाराचे पात्र अनावश्यक असून ते काढल्यास नाटक सुटसुटीत होईल.” रागाचा एकही शब्द नव्हता. राग दिसला असता तर कुणी विश्वास ठेवला असता?

मधुकरने ठेवला. भाजी घेऊन बारामतीच्या मंडईत आला, तसा माझ्याकडे आला.

“तात्या, शेवटाला समदे गप झाले, तवाच मला शंका आली हुती. मी पडद्यामागं, मला काय दिसतंय? तुमी लिव्हलं ते बराबर हाय. काढला त्याला.”

तेव्हा बोलता आलं असतं — नाही का? मी चहा सांगितला.

बातमीदाराशिवायचं नाटक पुण्यात गेलं. तिथल्या समीक्षकांनी लिहिलं, की करमणूक चांगली आहे, पण हाती काही लागत नाही. पुन्हा बोलावणं आलं नाही. ते नाटक तिथंच संपलं. त्याचं सगळ्यांत चांगलं नाटक होतं ते.

त्याने पुढे आणखी लिहिली, काही बरी चालली. प्रत्येक नाटक आधी मला वाचून दाखवतो. “बाकीचे त्वांडावर ग्वाड बोलत्यात, तात्या. तुमी खरं बोलता.” आम्ही पेरूखाली बसतो, पुष्कळ हसतो. संध्याकाळ बरी जाते — खोटं कशाला सांगू, मी सुखात आहे.

इंदापुरात त्या दिवशी प्रेक्षागृह थंड पडलं नव्हतं. लोक गप्प झाले होते, कारण शेवट मनाला लागला होता. मला सगळ्यांत आधी. ते मला तिथंच बसल्या बसल्या कळलं होतं, आणि कळल्यावरच मी लिहायला घेतलं होतं.

हे छापून आलं की मधुकर वाचेल. त्याने परवा आणलेली वांगी आज भरून केली होती. चांगली झाली होती.