अक्षदांच्या आधीचं ताट

परतूरच्या बाजारात मच्छिंद्र कपडे शिवायचा. हात चांगला, पण दिलेल्या तारखेला कपडा मिळाल्याचं कुणाला आठवत नाही. एका बाबतीत मात्र तो पक्का होता. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई आणि सुईनंतर वेळेवर जेवण. एक्याऐंशी साली, मिसरूड फुटायच्या वयात, त्याला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी सुई लिहून दिली. पण सुई घेऊन पाव्हण्यांकडं मुक्काम कसा करायचा, फ्रीज नसलेल्या घरात औषध ओल्या वाळूत कसं गार ठेवायचं, हे कुणी सांगितलं नाही. पडत-झडत तो आपलं आपण शिकला. नव्वदनंतर दवाखान्यातले डॉक्टर अशीच तरणी पोरं त्याच्याकडं पाठवू लागले. पोरगं आलं की मच्छिंद्र मशीन थांबवायचा आणि बोलत बसायचा. गिऱ्हाइकं बोंबलायची, ह्याच्या कानावर काही जायचं नाही. बायको कांताबाई ह्या फुकटच्या उद्योगावर टोमणे मारायची आणि आलेल्या पोरांना जेवल्याशिवाय सोडायची नाही.

वाटूरची द्वारका त्यातली सगळ्यात अवघड. वीस वर्षांची, हुशार, पण सगळी हुशारी आजार लपवण्यात घालवणारी. तिचं पहिलं स्थळ घरच्यांनी सुई लपवूनच जमवलं होतं. नवऱ्याकडच्यांना कळलं आणि सोयरीक मोडली. चार लोकांना कळण्यापेक्षा मेलेलं बरं, असं ती म्हणायची. मच्छिंद्र तिला एकच सांगायचा, "तुझी सुई तूच सांगायची. मी सांगणार न्हाई, तुझा बापबी न्हाई." पुढं धावड्याच्या काकासाहेबाचं स्थळ आलं, तेव्हा तिनं त्याला आणि त्याच्या आईला स्वतः सांगितलं. त्यांनी होकार दिला. बाकी गोतावळ्याला पत्ता नव्हता, आणि तो लागू नये म्हणून द्वारका जिवाचं रान करत होती.

लग्नात अक्षदा पडेपर्यंत नवरीनं उपाशी राहायचं. तिच्या आईला, नंदाबाईला, हे मोडायचं नव्हतं. तेव्हा मच्छिंद्रनं पत्रिका पाहून बेत आखला. मुहूर्त साडेबाराचा. डॉक्टरांना विचारून सकाळची सुई कमी केली, सोबत कपभर दूध, आणि अक्षदा पडल्या की लगेच ताट. सगळं बिनचूक. फक्त सगळा जन्म मराठवाड्यात काढूनही हा शहाणा पत्रिकेवरच्या वेळेवर विसंबला.

नवरदेव मारुतीच्या दर्शनाला गेला तो गेलाच. बँडपुढं पोरांच्या अंगात नाच शिरला होता. अडीच वाजले तरी मांडवात नवरदेव नाही. द्वारका आत बायकांच्या गराड्यात. ती बोलली नाही तर भोवळ येऊन पडणार, आणि आपण जाऊन बोललो तर तिला दिलेला शब्द मोडणार. मच्छिंद्रला घाम फुटला. पोर जगली पाहिजे, शब्दाचं मागून बघू, असं ठरवून तो खोलीच्या दारापर्यंत गेला.

तेवढ्यात द्वारकाच बाहेर आली. चेहरा पांढराफटक, मुंडावळ्या हलत होत्या इतकी थरथर. सरळ आचाऱ्यापाशी जाऊन तिनं मूठभर बुंदी तोंडात कोंबली, ताट वाढून घेतलं आणि तिथंच मांडी घातली.

"अगं, अक्षदांच्या आधी नवरी जेवती का कुठं?" झुंबरआत्या कडाडली.

"आत्या, मला साखरेचा आजार हाय. रोज सुई घेते. आता खाल्लं न्हाई तं इथंच पडन." आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "सासरी म्या आधीच सांगितलंय. तुमाला आज सांगून राह्यले."

काकासाहेबाची आई गिरिजाबाई उठली आणि सुनेशेजारी येऊन बसली. "खा बाई. मुहूर्त आमच्या पोरांनी घालवला, त्यात तुझा काय गुन्हा?"

मच्छिंद्रला हसावं की रडावं कळेना. ही माझी पोरगी, असं मांडवात एकेकाला धरून सांगावंसं वाटलं. असा अभिमान त्याला आजवर कशाचाच वाटला नव्हता, स्वतःच्या कारागिरीचाही नाही. पाय लटपटत होते, पण ते आनंदानंच असणार असं समजून तो चौकट धरून उभा राहिला. द्वारकानं मात्र त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि तोंडातला घास गिळून आचाऱ्याला हाक मारली.

"मच्छिंद्रमामाला आधी बुंदी द्या. सकाळची सुई घेऊन माझ्या ताटाची वाट बघत उपाशी उभे हाईत." मग त्याच्याकडं वळून म्हणाली, "मामा, जल्दी बसा. सांगायला लाज वाटली का?"

मच्छिंद्र बुंदीचा बकणा भरून तिच्यासमोर जेवायला बसला.