गरुडाची धाकटी

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. त्या उरणकडच्या कोळीवाड्यातल्या, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आयुष्यभर गावोगाव हिंडलेल्या. "मी काय कमी चालली काय? आता तरी बसू दे मना," हे त्यांचं रोजचं उत्तर. नवरा पहाटेच न्हावा शेव्याच्या बंदरात कामावर जायचा, त्यामुळे त्यांना पनवेलच्या खाडीलगतच्या बागेत न्यायचं काम माझ्याकडे आलं. न्यायचं कसलं, ओढायचं.

एका थंडीच्या सकाळी त्या मध्येच थांबल्या. "वर काय बोंबलतंय गो?"

बागेच्या टोकाला उंच सुरूचं झाड आहे. त्याच्या शेंड्यापाशी काटक्यांचा पाळण्याएवढा ढीग आणि त्यातून बाहेर आलेली दोन तपकिरी डोकी.

"घारीची पिल्लं असतील, आई."

"घार नाय. खाडीवरचा गरुड हाय तो. आमच्या जाल्यातला मासा डोल्यासमोरून उचलायचा मेला!"

एवढ्यात पांढऱ्या पोटाची गरुडीण पायात तडफडता मासा घेऊन घरट्यावर उतरली. सासूबाईंनी माझा दंड इतक्या जोरात धरला, की बोटं उमटली.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर त्या चपला घालून दारात तयार बसलेल्या.

बागेत एक हास्यक्लब भरायचा. ज्येष्ठ मंडळी हात वर करून "हा हा हा" करायची. पिल्लांना ते कसं ऐकू गेलं कोण जाणे, वरून उत्तर आलं, "कँक कँक कँक!" अगदी सायकलच्या जुन्या भोंग्यासारखं. मंडळी गप्प. पुन्हा "हा हा हा". पुन्हा "कँक कँक". मग जे खरं हसू फुटलं ते कुणाला आवरेना. एक निवृत्त मास्तर गवतावर बसून डोळे पुसत राहिले. तेव्हापासून व्यायाम बाजूलाच राहिला, सगळे माना वर करून उभे.

होळी जवळ आली तशी पिल्लं फांदीवर येऊन पंख झाडू लागली. थोरलं एक दिवस सरळ खाडीवर उडून गेलं. धाकटं मात्र काटक्यांना चिकटून. सासूबाईंनी ती पोरगीच ठरवून टाकली होती. "भित्री हाय बाय माजी," म्हणायच्या.

मग गरुडिणीनेच युक्ती केली. मासा घेऊन यायची, झाडाभोवती घिरट्या घालायची, पण घरट्यात टाकायची नाही. तिसऱ्या घिरटीला धाकटी फांदीच्या पार टोकाला आली आणि सासूबाई खच्चून ओरडल्या, "उर गो, उर!"

त्यांच्या बोलीत कधी कधी 'ड'चा 'र' होतो. आधी सगळे हसले, मग मास्तर ओरडले, "उर गो, उर!" मग अख्खा क्लब, मग मी. भांडण लागलं समजून वॉचमन काठी घेऊन धावत आला आणि तोही वर बघत राहिला.

धाकटीने उडी घेतली, म्हणजे ती पडलीच. फांद्यांतून धडपडत खाली आली आणि पंख उघडले! आमच्या डोक्यांवरून इतक्या खालून गेली, की माझी ओढणी उडाली. मुलांच्या घसरगुंडीच्या माथ्यावर तिने पाय टेकले, नखं पत्र्यावरून सटकली आणि पंख पसरून ती थेट खाली वाळूत आली.

तिने आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्हीच ढकललं होतं. मग चार पावलं धावली, पंख आपटले आणि उडाली. भिंतीवरून, खारफुटीवरून, खाडीकडे.

सासूबाईंनी आपली चालायची काठी वर धरून ठेकाच धरला.

"आई, गुडघा!"

"खड्ड्यात गेला गुडघा! नाच!"

स्वतःच्या लग्नात न नाचलेली मी, भर बागेत नाचले.

रिक्षात बसल्यावर नवऱ्याला फोन लावला, पण हसण्यापुढे मला बोलताच येईना. "घसरगुंडी... घसरली..." एवढंच.

"कोण घसरलं? आई घसरली?" तो घाबराघुबरा.

सासूबाईंनी फोन हिसकावला. "आमी दोगी धड हाव रे. गरुड घसरला!"

पलीकडे ट्रेलरचे हॉर्न वाजत होते. तो सावकाश म्हणाला, "तुम्ही दोघी नक्की कुठे आहात?"