डावा पाय, उजवा पाय आणि आत्याचं काजळ

माझ्या डाव्या पायाचं ऑपरेशन करायचं की नाही, यावर मत द्यायचा हक्क आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना होता.

पाय माझा, कळ माझी, पण ठरवणार बैठक! आमच्याकडं सोयरीक असो, वाटणी असो नाहीतर बोअर घ्यायचा असो, जाजम अंथरल्याशिवाय काहीच ठरत नाही. आणि मी पडलो पीटीचा सर. चौसाळ्याच्या हायस्कुलात आयुष्यभर दुसऱ्यांना "सावधान" म्हणत आलो, घरात मात्र कायम "विश्राम"!

दुखणं म्हणाल तर अगदी चिमुकलं. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधली एक नस सुजून जाड झाली होती. चालताना बुटात खडा गेल्यासारखं वाटायचं आणि मग अशी कळ निघायची की उघड्या वायरवर पाय पडल्यासारखा मी उडायचो. सारखा बूट काढून झटकायचो. खडा असेल तर निघेल ना! पोरं म्हणायची, "सरांच्या बुटात इंचू हाय." बीडच्या डॉक्टरांनी बुटात घालायला मऊ तळवे दिले, पायात इंजेक्शन दिलं आणि शेवटी म्हणाले, "आता ती नस काढलेलीच बरी. छोटं ऑपरेशन आहे. बोटांच्या मध्ये थोडं बधिर राहील, पण कळ जाईल."

मी म्हणालो, "विचार करून सांगतो." (म्हणजे घाबरलो होतो.)

विचार लांबत लांबत पंधरा ऑगस्टपर्यंत गेला. त्या दिवशी संचलनात मी पुढं, तोंडात शिट्टी, छाती फुगलेली, मागं सगळी शाळा. बरोबर झेंड्यासमोर आलो आणि निघाली की कळ! मी डावा पाय वर उचलला आणि बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिलो. आता माझ्या पोरांची शिस्त अशी की सर करतील ते करायचं, विचारायचं नाही. पाचवीपासून दहावीपर्यंत अख्खी शाळा एका पायावर! पाहुणे म्हणून आलेले सरपंच तर लई खूश. टाळ्या वाजवत म्हणाले, "वा! यंदा योगासनं बी घेतली म्हणा की!"

मुख्याध्यापक मात्र टाळ्या वाजवत नव्हते. कार्यक्रम संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, सव्वीस जानेवारीला चित्रकलेच्या सरांना पुढं करू. तुमी खुर्चीवर बसून बघा."

खुर्चीवर! आणि माझ्या जागी चित्रकलेचे सर! अहो, त्या माणसाला चालताना स्वतःचे दोन पाय एकमेकांशी जुळवता येत नाहीत! मी घरी आलो आणि शिट्टी टेबलावर आपटून बायकोला, म्हणजे सुरेखाला, म्हणालो, "करायचं ऑपरेशन!"

"मी दोन वर्सांपासून काय म्हणतेय?"

"पण बैठक..."

"घ्या बैठक! माझ्या पायाला काय झालं तर मी एकटीच ठरवीन, सांगून ठेवते."

जाजम अंथरलं. चकलांब्याहून दाजी आले, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. दाजी पंचायतीत मेंबर होते, तेव्हापासून त्यांना कुठल्याही गोष्टीवर मतदान घ्यायची सवय लागलीय. नांदूरघाटहून आत्या आली. आत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. बैठकीत कुणी काहीही बोललं तरी शेवटचा शब्द तिचा.

दाजी म्हणाले, "मास्तर, माझं ऐक की. रुईचं पान गरम करून बांध. आमच्या बैलाला बांधलतं, तिसऱ्या दिवशी औताला चालला."

"दाजी, मला औताला नाही, परेडला चालायचंय."

"मग बिब्बा लाव!"

"दोन्ही लावून बघितलं की! पानानं नुसती आग झाली. बिब्ब्यानं फोड आला, तेवढे दिवस कळ लक्षात नव्हती, येवढाच फायदा."

सुरेखा म्हणाली, "डाक्टर शिकलेले हायत का बैल?" त्यावर दाजी रुसले. आत्या मात्र हलेना. "पायाला सुरी लागली की माणूस बसला म्हून समजा. मी नको म्हणते म्हंजी नको." दाजींनी रुसल्या रुसल्याच मतदान घेतलं. नको म्हणणारे हात जास्त. (मीही भीतीनं अर्धा हात वर केला होता, हे सुरेखाला आजही सांगितलेलं नाही. आता वाचेल.)

विषय संपला. आत्या उठली, चहाचा मोठा पितळी ट्रे उचलला, वळली आणि तिची टाच नेमकी माझ्या त्या दोन बोटांवर!

माझ्या तोंडून शिवी गेली. साधी नाही. पीटीच्या सरांना मैदानावर बऱ्याच शिव्या ऐकून माहीत असतात, त्यातली निवडक. तीही आत्याला! दाजींचा रुसवा जागच्या जागी विरघळला. आत्यानं ट्रे खाली ठेवला. मला वाटलं, आता कानाखाली बसतेय.

आत्या म्हणाली, "माझ्या भावानं जन्मात कुणाला उलटा शब्द न्हाई काढला. त्याच्या लेकरानं मला शिवी दिली. ही शिवी ह्या बाळूची न्हाई, ही त्या नसंची हाय. कापून टाका तिला!"

आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

दिवाळी झाल्यावर दवाखान्यात भरती झालो. सकाळी डॉक्टर आले आणि काळ्या पेननं डाव्या पायावर मोठा बाण काढून गेले. "कोणता पाय ते पक्कं असावं म्हणून," ते म्हणाले. एवढी काळजी घेणारा डॉक्टर बघून माझी भीती अर्धी झाली. मला डुलकी लागली.

त्या डुलकीत आत्या आली. दवाखान्यात येणारा-जाणारा माझ्या दुखऱ्या पायाकडंच बघतोय, हे तिला खटकलं. नजर लागली म्हणजे? तिनं कनवटीची काजळाची डबी काढली आणि लोकांची नजर भलतीकडं जावी म्हणून माझ्या चांगल्या, म्हणजे उजव्या पायाच्या तळव्याला हे एवढं काळं फासलं. लहान बाळाला लावतात तसं. बाळाचं वय बावन्न!

आत नेलं. पाठीमागं नाड्या असलेला हिरवा झगा घातला होता, त्यातल्या निम्म्या नाड्या तुटलेल्या. सिस्टरनं चादर वर केली आणि थबकली. दोन्ही पायांना काळं! झोपेत पायावर पाय घासून बाणाचाही नुसता डाग झालेला. डॉक्टर माझ्या पायाशी येऊन, माझ्याकडं तोंड करून उभे राहिले. "सर, तुम्हीच सांगा, कोणता पाय?"

मी खणखणीत आवाजात म्हणालो, "उजवा!"

हसू नका. माझा धंदा समजून घ्या. मी पोरांकडं तोंड करून उभा राहतो. "लेफ्ट" म्हणताना मी माझा उजवा उचलतो, म्हणजे समोरच्या पोरांना बघून डावा उचलता येतो. एवढी वर्षं! समोर माणूस तोंड करून उभा राहिला की माझा डावा आपोआप उजवा होतो.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "थांबा. कागद म्हणतो डावा, पेशंट म्हणतोय उजवा." ते तडक बाहेर गेले. दार उघडंच, मला सगळं ऐकू येत होतं.

"कोणता पाय आहे यांचा?"

दाजी छाती काढून म्हणाले, "बैठकीत डावा मंजूर झालाय!"

"खरा दुखतो कोणता?"

आत्या म्हणाली, "ज्याला काळं लावलंय तो चांगला!"

"आजी, दोन्हीला काळं आहे!"

"अगं बाई! दुसऱ्याला कुणी लावलं?"

डॉक्टर कपाळाला हात लावून परत आले. म्हणाले, "मी दाबून बघतो." पण तोवर माझा स्वाभिमान जागा झाला होता. पीटीच्या सराला डावा-उजवा कळत नाही? हे चौसाळ्यात कळलं तर चित्रकलेचे सर जन्मभर पुढं राहतील! मी टेबलावरून खाली उतरलो. "डॉक्टर, मला तुमच्याकडं पाठ करू द्या. मग चुकणार नाही." सिस्टर "काका, झगा! झगा!" म्हणेपर्यंत मी ओरडलो, "पीछे मुड! तेज चल! लेफ्ट..."

आणि डावा पाय फरशीवर दाणकन आपटला.

मग जी बोंब ठोकली, ती म्हणे खाली मेडिकलच्या दुकानापर्यंत ऐकू गेली. सोबत तीच ती निवडक शिवीही गेली. बाहेरून आत्याचा आवाज आला, "डाक्टर, तोच पाय! ती नसच बोलतीय बघा!"

डॉक्टर हसता हसता म्हणाले, "खात्री पटली. सर, आता झोपा. आणि कृपा करून पलटू नका, खूप बघितलं."

ऑपरेशन झालं. महिनाभर जपून चाललो, मग बूट घातले. खडा नाही, वायर नाही, काही नाही! मी अंगणात नुसता इकडून तिकडं चालत राहिलो. सुरेखा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बास आता, रडवता का?" आणि स्वतःच पदरानं डोळे पुसत आत गेली.

सव्वीस जानेवारीला संचलनात पुढं मी होतो. खुर्चीवर चित्रकलेचे सर! पुढच्या रांगेत दाजी आणि आत्या. झेंड्यासमोर आलो तेव्हा पोरांनी सवयीनं माझ्या डाव्या पायाकडं बघितलं. मी तो पाय असा काही आपटला की सरपंच खुर्चीतून उठले. कळ नाही! असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. (हेही सुरेखा वाचेल.)

आता गावात जो तो विचारतो, "सर, कोणता पाय हो?" मी शहाणा झालोय. आधी त्याच्याकडं पाठ करतो, मागचा शर्ट चाचपून बघतो आणि मगच उत्तर देतो.