काडीचा क्लच

तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं. वर्कशॉपमध्ये सगळे तिला काडीच म्हणत. बाप लवकर गेलेला, आई घरी कपडे शिवायची, आणि पोरगी यंत्रांपायी वेडी. शिलाई मशीन अडलं की कारागिराला बोलावणं नाहीच, हीच उघडून बसायची. इंजिनिअरिंगला गेली ती थेट थेंबभर पेट्रोलवर लांब पळणारी गाडी बनवणाऱ्या पोरांच्या टीममध्ये शिरली. वर्षातून एकदा विद्यापीठांची शर्यत व्हायची, वेगाची नव्हे, कमीत कमी पेट्रोल पिण्याची.

कप्तानाने तिला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं नि म्हणाला, "ही मावेल. ही ड्रायव्हर." झालं! इंजिनाला हात लावायला आलेली पोरगी गाडीच्या पोटात आडवी झोपायच्या कामाला लागली.

पण काडी ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. गाडीने वेग घेतला की इंजिन बंद करायचं आणि गाडी नुसती घरंगळू द्यायची, ही त्या शर्यतीतली युक्ती. यांच्या गाडीत मात्र साखळी इंजिनाला जोडलेलीच राहायची, आणि ते बंद पडलेलं धूड चाकाला मागे ओढायचं. काडीने अख्खी सुट्टी लेथवर घालवून एक क्लच बनवला. इंजिन बंद झालं की चाक मोकळं. वर्कशॉपच्या बाकावर चाकाला लावून दाखवला, तेव्हा चाक थांबायचं नावच घेईना. पोरांनी टाळ्या पिटल्या.

कप्तानाने तो हातात तोलून पाहिला. "झकास आहे गं, पण हे दोन किलोचं लोढणं कुठे वागवायचं? तू दोन किलो उतरव, लगेच बसवू."

आणि ही बया खरंच पोटाला चिमटा काढायला लागली. आई ताट वाढायची, ही चार घास चिवडून उठायची.

"अगं, हाडं मोजता येतील आता! कुणासाठी चाललंय हे?"

"क्लच बसवायचाय, आई."

आईला क्लच कळला नाही, लेकीचा हट्ट तेवढा कळला. शर्यतीचा ड्रेस पुन्हा पुन्हा उसवून ती बाजूंनी आत घेत राहिली. दोन किलो उतरले, तर कप्तान म्हणाला, "आणखी एक." तोही उतरला. "बसवू की, शर्यतीआधी." कोपराला गूळ लावण्यात त्या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता! इकडे जिना चढताना काडीच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. पाळी येईनाशी झाली, ते तिने आईपासूनही लपवलं.

शर्यतीच्या दिवशी ड्रायव्हरांची वजनं झाली. काट्यावरच्या बाई म्हणाल्या, "सत्तेचाळीस. पन्नासच्या खाली चालत नाही. तीन किलो गाडीत बांधा, मग सोडते."

काडीला वाटलं, बाई चुकल्या. "बांधा म्हणजे?"

"म्हणजे भरून काढा. नियमच आहे. गेल्या वर्षी तुमच्या कप्तानानेच वाळूची पिशवी बांधली होती की."

काडी वळली. "तुला माहीत होतं?"

"आता तमाशा नको हं," कप्तान म्हणाला. "क्लचपायी सगळी गाडी पुन्हा कोण खोलणार? आणि सरळ नाही म्हटलं असतं तर रुसून गेली असतीस. ऐन वेळी ड्रायव्हर कुठून आणायचा?"

असा निगरगट्ट! एवढं बोलून तो वजनाला काही मिळतंय का ते अवजारांच्या पेटीत शोधू लागला. हातोडी काढली. मग काडीचा क्लच काढला. दोन्ही तारेने करकचून सीटमागे बांधले.

"घे, बसवला तुझा क्लच!"

पोरं खो खो हसली. टाळ्या पिटणारीच ती पोरं.

काडीला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. पण ओरडायलाही अंगात जीव लागतो. ती मुकाट्याने आत जाऊन आडवी झाली. दर फेरीला इंजिन बंद केलं की साखळी खडखडायची, मेलेलं इंजिन चाकाला मागे खेचायचं, आणि मोकळं करणारा क्लच पाठीत टोचत राहायचा. गाडी चौथी आली.

"तीन किलो नडले," कप्तान टीमच्या सरांना सांगत होता.

काडीने तार सोडवली, तसा तो ओरडला, "ए, तो राहू दे. पुढच्या वर्षी वजनाला लागेल."

तिने ऐकलं नाही. क्लच उचलायला गेली, तर एका हाताने पेलवेना. दोन्ही हातांनी छातीशी धरून, मध्ये मध्ये थांबत ती फाटकाकडे निघाली.