दोन बाय दोन

कामतघरला शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात, त्यामुळे घरात माणसांचं बोलणं ऐकू येतं. अशाच एका शुक्रवारी वडिलांनी माझ्या सात वर्षांच्या संशोधनाची वाट लावली.

सोमवारी प्रबंध जमा केला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. विषय होता ऑर्थोगोनल बहुपदींमधल्या निश्चयकांची सूत्रं. मार्गदर्शकांनी प्रबंध हातात तोलून ‘भरीव काम आहे’ म्हटलं होतं. मला मात्र सगळ्यात आवडायची ती अर्पणपत्रिका: ‘गणिताचा गंधही नसलेल्या माझ्या वडिलांस’. वाचून माझाच ऊर भरून यायचा.

वडिलांचं आयुष्य नव्या बीमचे, म्हणजे ताण्याच्या रुळावरचे, धागे लूमवरच्या जुन्या धाग्यांना हाताने जोडण्यात गेलं. त्या दिवशी ते शेजारी येऊन बसले. काय करतोयस, म्हणाले. मी समजावलं, की चौकोनात आकडे मांडून त्यातून एक संख्या काढतात; माझ्या सूत्राप्रमाणे दोन वेगळ्या चौकोनांतून कायम एकच संख्या येते, चौकोन कितीही मोठा असो.

“कायम? बघलास तू?”

“चार बाय चारचा केला, पाचचा केला. पानंच्या पानं भरली.”

“न् दोनचा?”

“दोनचा कोण करतं, बाबा! पोरं तोंडी करतात.”

“आमच्यात बीम जोडला का पयला वीतभर कपडा इनून बघतात. मंगच लूम चालू. तुमच्यात तसा न्हाय?”

नव्हतं. आमच्यात मोठं उदाहरण सोडवून मिरवायची पद्धत आहे.

त्यांची समजूत काढावी म्हणून दोनचा चौकोन मांडला. सूत्राच्या डावीकडे तीन आले, उजवीकडे उणे तीन. पुन्हा मांडला. पुन्हा उणे तीन. वाटेत कुठेतरी मी ओळी उलट्या क्रमाने लावल्या होत्या आणि चिन्ह बदलायला विसरलो होतो. चार-पाचला ओळींच्या दोन जोड्या उलटतात, चिन्ह दोनदा बदलतं आणि ही चूक आपोआप झाकली जाते. दोन-तीनला एकच जोडी उलटते, म्हणून उघडी पडते. मला भयंकर राग आला, तोही त्यांचाच.

“सुटला ना धागा? सुटतो. मागं जा, जोड,” म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

रविवार संध्याकाळपर्यंत अकरा पानांवरची चिन्हं दुरुस्त केली. मग पहिलं पान उघडलं आणि ‘गणिताचा गंधही नसलेल्या’ एवढे शब्द खोडले.