पाडव्याची भाकरी

गंगापूरच्या स्टँडवर मला औरंगाबादच्या एसटीत बसवून वडील खिडकीशी उभे राहिले नि एवढंच म्हणाले, "तिथं रोज पोळी खा. भाकरी आमी खातोच." आमच्याकडं गव्हाची पोळी सणावारी. शहरातली नोकरी म्हणजे रोजचा सण, असं त्यांचं मत. आणि मुलगा आज्ञाधारक.

कारखान्यात पहिल्या दिवशी डब्यातून भाकरी निघाली, तेव्हा मी झाकण आडवं धरून जेवलो. पुढं लग्न झालं. पोळ्या आल्या, भात आला, दिवसातून सहा वेळा गोड चहा आला. वडील औतामागं चालून जेवढं जेवायचे, तेवढं मी खुर्चीवर बसून जेवत होतो. खानदानी भूक, दुसरं काय. आई गावभर सांगायची, माझा लेक रोज पोळी खातो. गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांनी ते ऐकलंय. आणि माझ्यासारखेच शहरात आलेल्यांनो, तुमच्याही आया तेच सांगत असतील.

मग शुगर निघाली. ती मी आईपासून तीन वर्षं लपवली. एका माघात बुटानं अंगठ्याला जखम झाली, ती महिना उलटला तरी भरेना. डॉक्टरांनी काळी पडत चाललेली कड दाखवली. शुगर लवकर उतरली नाही, तर अंगठा काढावा लागेल म्हणाले. पोळी, भात, गोड बंद. ज्वारीची भाकरी, तीही एकच.

त्यात पाडवा आला. गावी गेलो नसतो तर आईच शहरात येऊन थडकली असती. मोजा घालूनच पाटावर बसलो. आईनं पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं नि समोर बसली. माझा हात काही ताटाकडं जाईना. तिची नजर मोज्यावर गेली. काढायला लावला. तिनं पट्टी बघितली, तशी मी सगळं सांगून टाकलं.

"शहरात राहून भाकरी खायची पाळी आली तुज्यावर?" अंगठ्याआधी तिला तेच लागलं.

मग तिनं ताट उचललं, पुढचं दार लावलं नि पीठ मळायला घेतलं. पाडव्याला कुणी भाकरी थापली, तर अख्खं गाव विचारतं, काय झालं. थापण्याचा आवाज भिंतीपलीकडं गेलाच. शेजारच्या काकूंनी हाक मारली, "सणाची भाकरी कुणाला वं?"

"कुत्र्याला," आई म्हणाली, नि भाकरी माझ्या ताटात टाकली.

मी खाली मान घालून खाल्ली. लई दिवसांनी चव लागली. दुसरी वाढायला तिचा हात निघाला, अन् तिनं तो मागं घेतला. जन्मात पहिल्यांदा तिनं मला आग्रह केला नाही.

अंगठा वाचला. घर कुठं असं कुणी विचारलं, की मी सवयीनं गंगापूर सांगतो. मनात मात्र ते लावलेलं दार असतं, आणि मी आत असतो.